बांगडी हाय की

रविवार, १३ एप्रिल. सकाळपासून गच्चीवर मिरच्यांची देठं खुडत बसले आहे. ब्याडगी संपली, संकेश्वरी निम्मी झाली, लवंगीला अजून हात लावलेला नाही. ऊन असंच राहिलं तर परवा डंकावर कुटायला न्यायच्या आणि वर्षाची चटणी करून मोकळं व्हायचं. वारा सुटलाय, ताडपत्री उडते. तीन कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आहेत आणि चौथ्यावर एक ॲम्प्लिफायर. चौथी वीट मिळाली नाही म्हणून. पण खरं तर विटेपेक्षा तोच बरा. जड आहे, सरकत नाही.

तबकडीचा किंवा रेडिओचा बारीक आवाज मोठा करून स्पीकरला देणारा डबा म्हणजे ॲम्प्लिफायर, एवढंच मला कळतं. हा डबा आमच्या कसबा बावड्यातल्या जुन्या घरमालकांनी स्वतः बनवला आणि आम्ही घर सोडताना आम्हाला दिला. चांगल्या मनानं दिला. चालू केला की गुरगुरतो.

घरमालकांना सगळे अण्णा म्हणत. मूळचं गडहिंग्लजकडचं जैन घर, शेती आणि खताचं दुकान. दुकान पुतण्यांनी हातात घेतलं आणि अण्णा रिकामे झाले. रिकामा माणूस देवाला लागतो किंवा राजकारणाला. अण्णा आवाजाला लागले. आम्ही खालच्या मजल्यावर भाड्यानं, ते आणि त्यांची बायको, आमच्या काकी, वरच्या मजल्यावर. त्यातली एक खोली पूर्ण त्यांच्या डब्यांची. रस्त्याकडच्या खिडकीला गादी ठोकून बंद केलेली. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, तोंड धुवायचं आणि त्या खोलीत जाऊन बसायचं, हा त्यांचा नेम. त्याआधी घरातला पंखा बंद, फ्रीज बंद, आणि मग जिन्यावरून हाक, "वैनी, मिक्सर लावू नकासा पाच मिनिटं." त्यांच्या पाच मिनिटांत माझी आमटी होऊन जायची.

अन्याय करायचा नाही म्हणून सांगते, हात चांगला होता. तारा जोडायचे सोल्डरचे डाग गोल आणि चकचकीत, एका मापाचे. तारा वेणीसारख्या बसवलेल्या. कुठल्या पुस्तकातून आकृती काढायचे, पुण्याहून भाग मागवायचे, पत्र्याचा डबा स्वतः वाकवायचे. बनवण्यात खोट नव्हती. खोट निकालात होती. डबा तयार झाला की तो चांगला वाजतो का वाईट, हे ठरवायचं कसं? अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं, कानानं. मीटर होता त्यांच्याकडे, पण त्यावर ते सोल्डरची रिळं ठेवायचे. म्हणायचे, "मीटर म्हंजे मुकं जनावर. त्याला आकडा कळतोय, गोडी कळत न्हाय."

गोडीचे त्यांचे शब्द सगळे स्वयंपाकघरातले. चांगला आवाज कणीदार, वाईट आवाज पाणचट. एखादा डबा नवा असला तर म्हणायचे, अजून मुरलेला नाही, पंधरवडाभर चालू ठेवायला लागेल. लोणचं मुरतं हे मला माहीत आहे. तांब्याची तार कशी मुरते हे त्यांनी मला कधी पटेल असं सांगितलं नाही. आणि खऱ्या स्वयंपाकघरात तर ते पाणी प्यायलासुद्धा जात नसत, तांब्या काकी आणून द्यायच्या.

परीक्षेची तबकडीही ठरलेली. एक जुनी ठुमरी. गाणाऱ्या बाईंच्या हातातली बांगडी एका ठिकाणी तानपुऱ्याला लागते. अण्णांचं म्हणणं असं की जो ॲम्प्लिफायर ती बांगडी ऐकवतो तो खरा, बाकीचे सगळे डबे. येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी हे सगळं सांगायचे. मग तबकडी लावायचे, डोळे मिटायचे, आणि ती जागा आली की उजव्या हाताचं बोट वर करायचे. मग डोळे उघडून विचारायचे, "बांगडी हाय का न्हाय?"

समोरचा म्हणायचा, "हाय की."

तो काय म्हणणार? त्याच्या हातात काकींनी दिलेला चहा आहे, पुढ्यात चिवडा आहे, वयानं मोठा माणूस बोट वर करून बसलाय. आमच्याकडे 'हाय की' म्हणजे होकार असतो असं नाही. जेवण बरं झालंय का, हाय की. पोरगं हुशार आहे का, हाय की. 'की' लावला की वाद मिटतो आणि माणूस आपल्या घरी जायला मोकळा होतो. अण्णा मात्र जन्मभर कोल्हापुरात राहून ते 'हाय की' निकाल म्हणून धरत होते.

मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी न्हाय म्हटलं. ऐकू आली नव्हती. अण्णा म्हणाले, "वैनींचा कान कोरा हाय." त्यानंतर कोणी आलं की माझी ओळख अशीच करून द्यायचे. ह्या खालच्या वैनी, दुधात असतात, कान कोरा हाय. पुढे एकदा तीच ठुमरी मी मुलाचे इयरफोन घालून मोबाईलवर ऐकली. बांगडी होती. एवढं मी कबूल करते. पण अण्णांच्या डब्यांमधून ती मला एकदाही ऐकू आली नाही.

'दुधात असतात' म्हणजे मी एका दूध संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करते. शेतकरी किटली घेऊन येतो आणि म्हणतो, आमच्या म्हशीचं दूध म्हंजे बासुंदी. असेल. आम्ही नमुना बाटलीत घेतो, नाव झाकतो, नंबर टाकतो आणि यंत्राला लावतो. नाव झाकायचं अशासाठी की तपासणाराही माणूसच असतो. ओळखीच्या माणसाचं दूध जरा दाट दिसतं. मी अण्णांना सांगितलं, तुम्हीही तसंच करा, डबे झाका आणि मग निकाल द्या. ते म्हणाले, आवाज म्हंजे दूध न्हवं. तरी मी एकदा करायला लावलंच. दोन ॲम्प्लिफायर चादरीखाली ठेवले, एक बाजारातला आणि एक त्यांचा, आणि बटणाशी मी बसले. मी म्हणायचं 'एक', मग 'दोन', आणि त्यांनी फरक सांगायचा. 'एक' ऐकून ते म्हणाले, कोरडा. 'दोन' ऐकून मान डोलावली. कणीदार, भरलेला, तबल्याचा डावा कसा गोल आलाय बघा.

मी चादर काढून दाखवलं. बटण मी हलवलंच नव्हतं. दोन्ही वेळा बाजारातलाच वाजत होता.

दुसरा कोणी असता तर हसला असता किंवा चिडला असता. अण्णांनी विचार केला आणि सांगितलं की मधल्या वेळात वीज बदलली असणार. साखर कारखान्याचं गाळप सुरू झालंय, हंगामात लाईनीवरची वीज जड येते. पहिल्या खेपेला जड होती, दुसऱ्या खेपेला हलकी झाली. उसाच्या हंगामातली वीज. मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सांगितलं तर आमच्या साहेबांच्या नाकातून चहा आला.

पण बाकी सगळ्यांचं 'हाय की' एका बाजूला आणि काकींचं एका बाजूला. शेवटचा शिक्का काकींचा. अण्णा नवीन काही बदललं की काकींना खोलीत बोलवायचे, समोरच्या कॉटवर बसवायचे, तबकडी लावायचे. काकी त्यांच्याकडे बघत बसायच्या. बोट वर गेलं की म्हणायच्या, "ऐकली की. लई गोड." अण्णा लोकांना सांगायचे, हिचा कान म्हंजे सोनं हाय, शिकलेली न्हाय त्यामुळं खोटं बोलत न्हाय. हे काकींच्या समोर सांगायचे. काकी हसायच्या.

एकदा कुठंतरी वाचलं की चांदीच्या तारेतून आवाज निर्मळ जातो. मग काकींच्या पायातल्या तोरड्या उतरल्या. गुजरीतल्या सराफाकडून त्या वितळवून तार ओढून आणली आणि डब्यात बसवली. काकींना बोलावून विचारलं, फरक हाय का? हाय की. त्या दिवसापासून काकी जिना उतरल्या तरी कळायचं नाही. आधी छुम छुम यायची. अण्णांना चांदीचा आवाज डब्यातून यायला हवा होता, जिन्यावरून गेला त्याची त्यांना दाद नव्हती.

काकींच्या बाबतीत काहीतरी चुकतंय हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला, आणि त्याचं कारण काकी हुशार होत्या. समोर उभं राहून बोललं तर बरोबर उत्तर द्यायच्या. पाठीमागून बोललं तर नाही. वरच्या कुकरच्या शिट्ट्या होत राहायच्या आणि मीच धावत जाऊन गॅस बंद करायची. काकी तिथंच शेजारी गहू निवडत बसलेल्या असायच्या. मला बघून म्हणायच्या, झोप लागली होती गं. डोळे उघडे ठेवून कोण झोपतं? मी सरळ विचारलं, "काकी, तुम्हाला ऐकू येत नाही ना?" त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग हळू म्हणाल्या, उजवा कान कधीचाच गेलाय, डावा आता जायला लागलाय, अण्णांना सांगू नकोस.

मी म्हटलं, का?

"आवाज ऐकायला तेवढं बोलावतात. न्हाईतर माझ्याजवळ कशाला बसतील?"

हे ऐकून मला रडू वगैरे आलं नाही. राग आला, दोघांचाही. मी एवढंच म्हटलं की कानाला उपचार असतात, मशीन असतं. त्या म्हणाल्या, मशीन घातलं की कळणारच. विषय संपला. मीही घरमालकांच्या संसारात किती बोट घालणार म्हणून गप्प बसले.

मग तो ट्रॅक्टर आला. काकी रोज सकाळी जैन बस्तीत दर्शनाला जायच्या, मोठा रस्ता ओलांडून. हंगामात त्या रस्त्यावर कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर असतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि पुढे कर्णकर्कश गाणी. मी स्कूटर काढत होते. काकी रस्त्यात मधोमध होत्या आणि ट्रॅक्टर वळणावरून येत होता. हॉर्न असा वाजत होता की पलीकडच्या गोठ्यातली म्हैस दाव्याला हिसडा देऊन उभी राहिली. काकी पूजेचं तबक सांभाळत निवांत चालल्या होत्या. मी स्कूटर टाकून धावले आणि पदर धरून मागं ओढलं. तबक गेलं चाकाखाली. ड्रायव्हर जाताना ओरडला, "म्हातारीला घरात कोंडून ठेवा की." काकींना तेही ऐकू आलं नाही.

आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. उद्या परत रस्ता, परत ट्रॅक्टर. काकींना दिलेला शब्द मी मोडला आणि संध्याकाळी अण्णांना सांगितलं. ट्रॅक्टरचंही सांगितलं. ते सोल्डरची काडी बाजूला ठेवून हसले. म्हणाले, वैनी, तुमचा कान कोरा हाय म्हणून दुसऱ्याचा पण कोरा करतासा व्हय? कालच तिनं नव्या कॅपॅसिटरचा फरक बरोबर सांगितलाय. रस्त्याचं म्हणाल तर तिचं ध्यान देवाकडं असतंय.

मी काकींना रस्त्यावर एकटीनं जाऊ द्यायचं बंद केलं. सकाळी मीच त्यांना पलीकडे सोडायची आणि मग कामाला जायची. पण येताना? येताना देवावर हवाला. असं किती दिवस चालणार होतं?

चाललं ते नेसरीचे एक मास्तर येईपर्यंत. त्यांच्या गावच्या भजनी मंडळाला ॲम्प्लिफायर हवा होता आणि कोणीतरी अण्णांचं नाव सांगितलं होतं. अण्णा विकत नसत. आलेल्या माणसाचा कान पारखायचे आणि पसंत पडला तर डबा तसाच द्यायचे. मास्तर भला माणूस, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. काकींनी मला चहाचे कप आत न्यायला हाक मारली म्हणून मी त्या खोलीत होते.

अण्णांनी सगळं समजावून सांगितलं. तानपुरा, ठुमरी, बांगडी. मी बोट वर केलं की ध्यान द्या पावणं. नवा डबा टेबलावर होता. काकी कॉटवर नेहमीच्या जागी. अण्णांनी बटण दाबलं, डब्यावर लाल दिवा लागला, तबकडी फिरायला लागली, त्यांनी सुई ठेवली.

आवाज आलाच नाही. गुरगुरसुद्धा नाही. अण्णा डब्याच्या मागे वाकले आणि मास्तरांना 'थांबा' म्हणायला हात वर केला.

काकींची नजर त्या हातावर होती. त्या लगेच म्हणाल्या, "ऐकली की. आज तर लईच लखलखीत आली."

मास्तरांनी काकींकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग कप हातात तसाच धरून मान डोलावत म्हणाले, "व्हय व्हय. आली की."

अण्णा डब्याच्या मागून उभे राहिले. स्पीकरच्या तारेची दोन्ही टोकं त्यांच्या हातात होती. जोडायची राहिली होती.

आधी ते मास्तरांकडे बघत राहिले. मास्तर चिवड्यातले शेंगदाणे निवडायला लागले. मग काकींना विचारलं, "काय ऐकलीस?"

"बांगडी," काकी म्हणाल्या.

अण्णा तारा टाकून कॉटच्या मागे गेले. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अगं." काकी मास्तरांपुढे चिवड्याची बशी सरकवत होत्या. अण्णा जरा मोठ्यानं म्हणाले, "अगं, इकडं बघ." काकींनी मास्तरांना अजून घ्या म्हणून खूण केली. मग अण्णा ओरडले. मास्तर दचकले, चहा शर्टावर सांडला, आणि त्यांना दचकलेलं बघून काकींनी वळून मागे बघितलं.

इतक्या वर्षांत त्या खोलीत झालेली ती पहिली खरी चाचणी.

अण्णा स्टुलावर बसले. मला वाटलं आता काकींबद्दल काही बोलतील. त्यांनी भिंतीवरच्या फळीकडे बघितलं, तिथं त्यांचे सगळे डबे ओळीनं मांडलेले होते, आणि म्हणाले, "म्हंजे चांदीच्या तारेचा निकाल कुणी दिला?"

माझा संयम तिथं संपला. मी म्हटलं, "अण्णा, कॅपॅसिटर बदललेला तुम्हाला ऐकू येतो. वीज जड झालेली ऐकू येते. बायकोला ऐकू येत नाही, ते कसं काय नाही हो ऐकू आलं?"

मास्तर रुमालानं शर्ट पुसत उठले, शेवटची एसटी आहे म्हणाले आणि ॲम्प्लिफायर न घेता गेले. एसटीला अजून पुष्कळ वेळ होता. भजनी मंडळ वाचलं.

काकी आमच्या तोंडांकडे बघत होत्या. मला विचारलं, "कळलं का त्यांना?"

मी मानेनं हो म्हटलं.

"बरं झालं," काकी म्हणाल्या. "बोट बघून बघून मान आखडलती माझी."

आणि त्यांनी कप गोळा केले.

रात्रभर वरून तबकडीचा आवाज नाही, सोल्डरचा वास नाही. मी काही अण्णांची समजूत काढायला वर गेले नाही. मोठ्या माणसाला आपली चूक कळायला एक रात्र पुरते, नाही पुरली तर जन्म पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत फोन करून अर्धी रजा सांगितली आणि काकींना कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला स्कूटर काढली. अण्णा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभे. हातात त्यांचा हेडफोन आणि ती ठुमरी भरलेला पेन ड्राइव्ह. म्हणाले, मी पण येतो. ते कानातलं मशीन म्हंजे शेवटी ॲम्प्लिफायरच की, वैनी. दुकानदार काय बी गळ्यात मारतील. आधी मी ऐकून बघतो, आवाज कसा हाय ते.

मी काकींना मागे बसवलं, पदर चाकात जाणार नाही असा खोचला आणि म्हटलं, "अण्णा, ते मशीन काकींच्या कानात बसणार आहे. कसा आवाज आहे ते काकी सांगतील. तुम्ही दुपारी त्यांना विचारा."

आणि बटण दाबून गाडी सुरू केली.